तबकडी, यंत्र आणि रांगेत उभी मजुरी

बीड जिल्ह्यातील धर्मापुरीच्या केदारेश्वर मंदिरावर चालुक्यकालीन कारागिरांनी जी शिल्पे कोरली, त्यांची दुसरी प्रत निघाली नाही. त्याच मुलखातल्या अंबाजोगाईत दासोपंतांनी (१५५१–१६१५) कापडावर लिहिलेली पासोडी आजवर जतन झाली आहे, तीही एकच. हाताच्या कामाचा हा स्वभावच आहे. दुसरी प्रत हवी असेल तर पहिलीइतकेच श्रम पुन्हा ओतावे लागतात. छापखान्याने हा नियम प्रथम मोडला, ग्रामोफोनने तो आवाजाच्या बाबतीत मोडला आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस आलेल्या प्रकाशीय तबकडीने, म्हणजे सीडी आणि डीव्हीडीने, तो इतका पुरता मोडला की प्रत काढण्याचा खर्च जवळजवळ नाहीसाच झाला. श्रमिकांच्या चळवळीला या गोष्टीचा आनंदच व्हावयास हवा. कारण कीर्तन, शाहिरी, भीमगीत, नाटक वा चित्रपट यांपैकी काहीही विकत घेण्याची ऐपत ज्यांना नव्हती, त्यांच्या घरात ते या यंत्राने पोहोचविले. तथापि यंत्राने जी बचत केली तिचा लाभ कोणाच्या पदरात पडला आणि तो धंदा बुडाला तेव्हा तोटा कोणाच्या माथी बसला, हे दोन प्रश्न विचारल्यावाचून हा हिशेब पुरा होत नाही.

प्रथम यंत्र समजून घेतले पाहिजे. तबकडीची प्रत दोन रीतींनी निघते. पहिली रीत मोठ्या कारखान्याची. काचेच्या मूळ पट्टिकेवरून निकेलचा ठसा तयार करतात, त्या ठशावर वितळलेले पॉलिकार्बोनेट दाबतात आणि काही सेकंदांत १२० मिलिमीटर व्यासाची तबकडी बाहेर पडते. मग तिच्यावर अॅल्युमिनियमचा थर, लाखेचा थर आणि वरची छपाई. लाखो प्रती हव्या असतील तर ही रीत परवडते. दुसरी रीत लहान यंत्राची. कोऱ्या तबकडीतील रंगद्रव्याच्या थरावर लेसर किरणाने खुणा उमटवून मजकूर नोंदवितात. अशी सात, दहा नोंदणीयंत्रे एकावर एक बसविली की मनोरा तयार होतो. मूळ तबकडी वरच्या खणात घालावयाची आणि कोऱ्या तबकड्या खालच्या खणांत. त्याहून पुढचे पाऊल म्हणजे स्वयंचलित यंत्र. त्याचा यांत्रिक हात चळतीतून कोरी तबकडी उचलतो, खणात ठेवतो, नोंद झाली की बाहेर काढतो, तिच्यावर नाव छापतो आणि बिघडलेली तबकडी बाजूला टाकतो. ऐंशी मिनिटांची सीडी मूळ वेगाने नोंदविण्यास ऐंशी मिनिटे लागत. बावन्नपट वेगाच्या यंत्रावर तेच काम तीनएक मिनिटांत उरकते. दहा खणांच्या यंत्राला तबकड्या बदलण्याच्या वेळेसह एका फेरीस चार मिनिटे लागतात असे धरले, तरी तासाला दीडशे प्रती निघतात आणि त्यांवर देखरेख करावयास एक माणूस पुरतो.

यातील अर्थशास्त्र सोपे आहे. गाणे रचण्याचा, गाण्याचा, ध्वनिमुद्रणाचा खर्च पहिल्या प्रतीत येतो. दुसऱ्या प्रतीपासून पुढे खर्च उरतो तो कोऱ्या तबकडीचा, विजेचा आणि यंत्राच्या झिजेचा. खुल्या स्पर्धेत वस्तूची किंमत तिच्या शेवटच्या नगाच्या उत्पादनखर्चाकडे झुकते असे पाठ्यपुस्तके सांगतात. मग काही रुपयांत निघणारी तबकडी अनेक वर्षे त्याच्या कित्येक पटींनी का विकली जात होती? कारण तेथे स्पर्धा नव्हती, हक्क होता. वरच्या किमतीपैकी थोडा भाग मूळ निर्मितीचा मोबदला होता हे खरे. पण उरलेला मोठा भाग हा टंचाईचा कर होता आणि ती टंचाई निसर्गाने नव्हे, कायद्याने निर्माण केलेली होती.

डॉ. राममनोहर लोहियांनी लहान यंत्राचा आग्रह धरला होता. ज्या देशात भांडवल थोडे आणि हात पुष्कळ, तेथे हजारो ठिकाणी थोड्या भांडवलावर चालणारे यंत्र हवे, ही त्यांची मांडणी. तबकडी नोंदविण्याचे मनोऱ्यासारखे यंत्र हे त्या वर्णनात नेमके बसते. ते टेबलावर मावते, घरगुती विजेवर चालते आणि तालुक्याच्या गावातील एखाद्या गाळ्यात त्यावर दोन माणसांचे पोट भरू शकते. मालेगावने हे करून दाखविले. यंत्रमागांच्या त्या गावात साध्या कॅमेऱ्यावर चित्रपट तयार झाले, २००० साली 'मालेगाव के शोले' निघाला आणि पुढे खानदेशी बोलीतील विनोदी चित्रफितींच्या सीडी गावोगावच्या बाजारात पोहोचल्या. मुंबईच्या कोणत्याही निर्मात्याने ज्या बोलीत पैसा गुंतविला नसता, तिला लहान यंत्राने बाजार मिळवून दिला. त्याआधी ऐंशीच्या दशकात कॅसेटनेही हेच केले होते. एका मोठ्या ग्रामोफोन कंपनीची मक्तेदारी मोडून लहान गावांतील गायक-शाहिरांचा आवाज बाहेर आला तो कॅसेटमुळे. मराठवाड्यातील भीमगीतांच्या प्रसाराचा इतिहास कॅसेट आणि सीडी वगळून लिहिताच येणार नाही.

परंतु हेच लहान यंत्र राज्यसत्तेच्या डोळ्यांत गुन्ह्याचे हत्यार ठरले. २००९ साली महाराष्ट्राने १९८१ च्या प्रतिबंधक स्थानबद्धतेच्या कायद्यात, ज्याला सर्वजण एमपीडीए म्हणून ओळखतात, एक नवा वर्ग घातला. झोपडपट्टी दादा, हातभट्टीवाले, अमली पदार्थांचे गुन्हेगार आणि धोकादायक व्यक्ती यांच्या पंक्तीला 'व्हिडिओ पायरेट' येऊन बसला. खटला न चालविता बारा महिन्यांपर्यंत स्थानबद्ध ठेवण्याचा अधिकार आता चित्रपटाची चोरटी प्रत काढणाऱ्यावरही चालू लागला. स्वामित्वहक्क कायद्याच्या ६३ व्या कलमात या गुन्ह्यासाठी सहा महिने ते तीन वर्षे कैदेची तरतूद आधीच होती. त्यासाठी पुरावा लागतो, वकील लागतो, न्यायाधीश लागतो. एवढा त्रास नको म्हणून स्थानबद्धता. मिसाखाली १९७५ ते १९७७ या काळात ज्या चळवळीच्या कार्यकर्त्यांनी विनाखटला तुरुंगवास भोगला, तिला या तरतुदीचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. बाहेरून येणारा दाबही लक्षात घेतला पाहिजे. अमेरिकेच्या व्यापार प्रतिनिधींच्या 'स्पेशल ३०१' अहवालांतून भारताने स्वतंत्र 'ऑप्टिकल डिस्क कायदा' करावा अशी मागणी होत होती. मलेशियाने तसा कायदा २००० साली केलाही. तबकडी काढणाऱ्या यंत्राला परवाना लावावा, ही त्यामागची कल्पना. भांडवलाला यंत्राचे कौतुक असते. मात्र ते यंत्र दुसऱ्याच्या हाती पडले की त्याला पोलीस आठवतो.

येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. चोरट्या प्रतींनी कलावंताचे नुकसान होत नाही काय? होते. गरीब शाहिराच्या गाण्याच्या प्रती काढून दुसऱ्याने पैसा करावा, याला समाजवाद म्हणत नाहीत. पण कायदेशीर प्रतींचा पैसा तरी त्या शाहिरापर्यंत पोहोचत होता काय? बहुतेक वेळा गायकाला एकरकमी बिदागी देऊन सर्व हक्क कंपनीच्या नावे लिहून घेतले जात. मग लाख प्रती विकल्या गेल्या काय आणि दहा लाख काय, त्याला फरक पडत नसे. २०१२ साली संसदेने स्वामित्वहक्क कायद्यात दुरुस्ती केली. गीतकार व संगीतकारांनी चित्रपटासाठी दिलेल्या रचनांच्या पुढील वापराच्या मोबदल्यातील आपला समान वाटा सोडून देण्याचा करारच निरर्थक ठरविला आणि कलाकारांनाही व्यापारी वापराच्या स्वामित्वशुल्कावर हक्क दिला. ही दुरुस्ती चांगली होती. पण तारखेकडे पाहावे. कॅसेट आणि तबकडीचा भर ओसरत आल्यावर ती आली. चोराला विनाखटला डांबण्याची घाई २००९ मध्ये झाली, कलावंताला वाटा देण्यास आणखी तीन वर्षे लागली. राज्याला कोणाचे दुःख आधी ऐकू येते, हे या क्रमातून कळते.

आता मोठ्या कारखान्याकडे वळू. भारतात या धंद्याचे सर्वांत मोठे नाव होते मोझर बेअर. १९८३ साली दिल्लीत स्थापन झालेली ही कंपनी पुढे फ्लॉपीकडून कोऱ्या सीडीकडे वळली आणि नोएडा व ग्रेटर नोएडा येथील कारखान्यांच्या जोरावर जगातील अव्वल तबकडी-उत्पादकांत गणली जाऊ लागली. २००७ च्या सुमारास तिने चित्रपटांच्या तबकड्या बाजारात आणल्या: व्हीसीडी २८ रुपयांस, डीव्हीडी ३४ रुपयांस. अनेक भारतीय भाषांतील चित्रपट त्यात होते, मराठीही होते. त्या दिवसापर्यंत ही किंमत अशक्य मानली जात होती. किंमत उतरताच चोरट्या प्रतीचा निम्मा आधार गेला. जे पोलिसांना साधले नाही ते कारखान्याच्या उत्पादकतेने आणि माफक नफ्याने साधले. म्हणजे टंचाईचा कर कमी केला की चोरी आपोआप घटते, याचा पुरावा भांडवलदारी कंपनीनेच दिला.

ही उत्पादकता आकाशातून पडली नव्हती. ठसे, साचे आणि यांत्रिक हात यांच्यामागे पाळ्यांत राबणारे कामगार होते. पुढे बाजार पालटला. पेन ड्राइव्ह आला, मोबाइल आला, २०१६ नंतर स्वस्त इंटरनेटही आले. मुळात तबकडी वाचणारा खणच नव्या संगणकांतून नाहीसा झाला. कर्जाच्या ओझ्याखाली कंपनी २०१७ च्या नोव्हेंबरात दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि २०१८ च्या सप्टेंबरात राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाने तिच्या परिसमापनाचा, म्हणजे मालमत्ता विकून देणी भागविण्याचा, आदेश दिला. तबकडी बनविणारा गेला, तसा ती वाजविणाराही. दूरचित्रवाणी संच आणि डिस्क-प्लेअर विकणारी व्हिडिओकॉन ही तर मराठवाड्याची कंपनी. औरंगाबादजवळच्या (आता छत्रपती संभाजीनगर) चितेगावच्या तिच्या कारखान्याकडे या विभागातील अनेक पिढीजात कोरडवाहू घरांनी आशेने पाहिले होते. तीही २०१८ मध्ये त्याच न्यायाधिकरणाच्या दारी गेली. २०२१ साली मंजूर झालेल्या योजनेत सुमारे ६४,८३८ कोटींच्या मान्य दाव्यांपोटी सुमारे २,९६२ कोटी रुपये देऊ केले होते. २०२२ च्या जानेवारीत अपील न्यायाधिकरणाने ती योजना रद्द केली. शंभरातील चार-पाच रुपये जेथे हाती यावयाचे, तेथे ते आधी कोणाच्या हाती, हाच सारा प्रश्न असतो.

मोझर बेअरच्या कामगारांनी हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. त्याची पार्श्वभूमी अशी. मुंबईच्या गिरण्या बंद पडू लागल्या, हजारो कामगारांची देणी थकली, तेव्हा १९८५ साली संसदेने कंपनी कायद्यात ५२९-अ हे कलम घातले. कंपनी बुडाली तर कामगारांची देणी आणि तारण घेऊन कर्ज देणाऱ्या बँकांची देणी एकाच पंक्तीत, इतर सर्वांच्या आधी, असे त्यात म्हटले होते. बँकेने आपले तारण वेगळे विकावयाचे ठरविले तरी त्यातील कामगारांचा वाटा शाबूत राहत असे. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेने ही रचना बदलली. तिच्या ५३ व्या कलमातील उतरंडीत कामगारांची मागील चोवीस महिन्यांचीच देणी बँकांच्या पंक्तीत बसतात. त्याहून जुनी थकबाकी खाली घसरते. जी बँक आपले तारण घेऊन परिसमापनाबाहेर राहते, तिच्या त्या तारणात कामगाराला पूर्वीसारखा वाटा नाही. कंपनी कायद्यातील संरक्षण या प्रक्रियेस लागूच होणार नाही, असेही ३२७ व्या कलमाच्या ७ व्या उपकलमाने सांगितले. ही तरतूद घटनाबाह्य आहे असे मोझर बेअर कर्मचारी युनियनचे म्हणणे होते. २ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले.

भविष्यनिर्वाह निधी, निवृत्तिवेतन निधी आणि उपदान निधी यांतील रक्कम परिसमापनाच्या मालमत्तेत मोडत नाही, हे याच कंपनीच्या प्रकरणात अपील न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये मान्य केले होते, हा कामगारांचा विजय खरा. पण निधी मुळात वेगळा काढून ठेवलाच नसेल तर? २०२० मध्ये दुसऱ्या एका कंपनीच्या प्रकरणात त्याच न्यायाधिकरणाने सांगितले की, असा निधी नसेल तर परिसमापकाला उपदान देण्यास भाग पाडता येत नाही. म्हणजे मालकाने कर्तव्यात कसूर केली, तर शिक्षा कामगाराला.

न्यायालयावर राग काढण्यात अर्थ नाही. त्याने संसदेने केलेला कायदा वाचला. संहितेच्या समर्थकांचा युक्तिवाद मात्र तपासला पाहिजे. बँकेचा पैसा हा ठेवीदारांचा पैसा आहे, तिला वर बसविले नाही तर कर्जपुरवठा आटेल, असे ते म्हणतात. पण बँक आणि कामगार हे सारख्या अर्थाने धनको आहेत काय? बँक कर्ज देते ते ताळेबंद पाहून, तारण घेऊन, व्याज लावून; एक कर्ज बुडाले तर शेकडो दुसऱ्या कर्जांवर तिची जोखीम वाटली जाते. कामगार महिनाभर आधी राबतो आणि मग वेतन घेतो. म्हणजे तो मालकाला दर महिन्यास आपले श्रम बिनव्याजी, विनातारण उसने देतो आणि त्याची सारी जोखीम एकाच कारखान्यात गुंतलेली असते. जोखमीचे माप लावले, तर रांगेत पहिला क्रमांक त्याचाच येतो. बँकेला वाचविण्याचे मार्ग राज्याजवळ पुष्कळ आहेत. एकदा दिलेले श्रम परत मिळवून देण्याचा मार्ग कोणाजवळही नाही.

या ठिकाणी धर्मापुरी पुन्हा आठवते. दसऱ्यानंतर बीड जिल्ह्यातील गावांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या बाहेर पडतात. त्यांनी मुकादमाकडून उचल घेतलेली असते; नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो आणि ती उचल फिटेपर्यंत तो कोयता थांबू शकत नाही. पाऊस पडो, आजारपण येवो, साखरेचा भाव पडो, त्याची बाकी माफ करणारी कोणतीही योजना मंजूर होत नाही. उरलेली बाकी पुढच्या हंगामाच्या खांद्यावर बसते. मजूर ऋणको असतो तेव्हा शेवटचा पैसा वसूल होतो आणि मजूर धनको असतो तेव्हा चोवीस महिन्यांपलीकडची बाकी खालच्या पायरीवर जाते. ग्रेटर नोएडाचा यंत्रकामगार आणि धर्मापुरीचा ऊसतोड मजूर एकमेकांना ओळखत नाहीत. पण दोघांचा हिशेब एकाच वहीत, एकाच हाताने लिहिला जातो.

आता तबकडीचे युग सरले. टपालाने डीव्हीडी पाठविणे हाच ज्या नेटफ्लिक्सचा मूळ धंदा, तिनेही ती सेवा सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केली. मोबाइलवर सर्व काही मिळते, मग जुन्या यंत्राचे रडगाणे कशाला, असे एखादा तरुण कार्यकर्ता विचारील. त्याने एवढेच पाहावे की, २८ रुपयांची तबकडी विकत घेणारा त्या प्रतीचा मालक होता. तो ती शेजाऱ्याला देऊ शकत होता, वाचनालयात ठेवू शकत होता. आज तो महिन्याचे भाडे भरतो आणि भाडे थांबले की त्याच्या हाती काही उरत नाही. प्रत काढण्याचा खर्च शून्याला टेकला, तेव्हा प्रत विकणेच बंद झाले. यंत्र पुढे गेले, मालकी मात्र आणखी थोड्या हातांत गेली.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. दिवाळखोरी संहितेच्या ५३ व्या कलमात दुरुस्ती करून कामगारांची संपूर्ण थकबाकी, कालमर्यादा न घालता, पहिल्या पंक्तीत आणली पाहिजे आणि बँकेने बाहेर नेलेल्या तारणातही तिचा वाटा ठेवला पाहिजे. उपदान निधी वेगळा न काढणाऱ्या संचालकांवर व्यक्तिशः दायित्व टाकले पाहिजे. एमपीडीएतून 'व्हिडिओ पायरेट' हा वर्ग वगळून गुन्हा असेल तेथे उघड न्यायालयात खटला चालविला पाहिजे. आणि १९५४ च्या कायद्याने जशी प्रत्येक पुस्तकाची प्रत ठराविक ग्रंथालयांत जमा करावी लागते, तशी सरकारी अनुदानावर निघालेल्या प्रत्येक मराठी चित्रपटाची कायमस्वरूपी प्रत सार्वजनिक ग्रंथालयांत, तालुक्यापर्यंत, विनामूल्य पोहोचली पाहिजे.

यातील पहिली मागणी सर्वांत अवघड आहे, कारण ती थेट मालमत्तेच्या क्रमवारीला हात घालते. गिरणी कामगारांच्या दुःखातून १९८५ चे कलम आले. ते काही सत्ताधाऱ्यांच्या औदार्याने आले नव्हते. जे संघटनेच्या बळावर एकदा मिळाले आणि संघटना विस्कळीत झाल्यावर गेले, ते पुन्हा मिळवावयाचे तर बंद पडलेल्या कारखान्याच्या दाराशी बसलेल्या कामगाराला आणि उचलीत अडकलेल्या कोयत्याला एका मोर्चात आणावे लागेल. हे काम कोणतेही स्वयंचलित यंत्र करणार नाही. ते कार्यकर्त्यालाच करावे लागेल.